रिकाम्या कबरीला चुना

मोहाच्या फुलांचा वास घरात शिरला की मी खिडकी लावून घेते. खरं तर कुरखेड्याच्या बाजूला मार्च सरता सरता असं करण्यात काही अर्थ नसतो. अंगणाअंगणात फुलं वाळत पडलेली असतात, सायकलींच्या कॅरिअरवर पोती असतात, एसटीत शेजारी बसलेल्या बाईच्या लुगड्यालाही तोच गोड, जड, किंचित आंबूस वास येत असतो. नागपूरची भाची एकदा या दिवसांत आली तेव्हा नाक मुरडून म्हणाली, "मावशी, इथे सगळेच पितात का गं?" मी म्हटलं, पिणारे पितात बाई, बाकीचे नुसते वेचतात. खिडकी का लावते ते मात्र तिला सांगितलं नाही. आमच्याकडे मोह आणि ईस्टर मागेपुढेच येतात, आणि गेली काही वर्षं दोन्ही आले की मला अपराधी वाटतं.

पापी वाटणं वेगळं. चर्चमध्ये "मी पापी आहे" हे आम्ही दर रविवारी इतक्या सवयीने म्हणतो की त्याची धार बोथट झाली आहे. म्हटलं, क्षमा मागितली, घरी येऊन वरण-भात खाल्ला. अपराधी वाटणं असं आटोपत नाही. ते भर दुपारी अंबाडीची भाजी निवडताना येऊन शेजारी बसतं.

मी शाळेत इतिहास शिकवला. निवृत्त झाले तरी गावात मी अजून नुसती "बाई". आमची ख्रिस्ती मंडळी लहान आहे. आजोबा-पणजोबांच्या काळात मिशनच्या दवाखान्याच्या आधाराने प्रभूकडे आलेली ही घरं. नावं मात्र जुनीच राहिली: पार्बता, दयाराम, सोमाजी. पाळकसाहेब गडचिरोलीहून येतात आणि त्यांच्याकडे बरीच गावं आहेत, त्यामुळे ईस्टरच्या पहाटेचं प्रवचन वर्षानुवर्षं माझ्याकडे आलं. इतिहासाच्या बाईला यापेक्षा काय हवं? सबंध वर्षात तेवढा एक दिवस मला पुराव्यावर बोलायला मिळायचं, आणि पुराव्यावर बोलताना माझ्या अंगात येतं.

प्रभूचं पुनरुत्थान ही मनाची समजूत नव्हे, असं मी टेबलावर बोट आपटून सुरू करायची. कबर रिकामी होती. ज्यांना ही बातमी दाबायची होती त्यांनी प्रेत आणून वेशीत ठेवलं असतं की विषय मिटला असता. ते जमलं नाही म्हणून "शिष्यांनी चोरून नेलं" अशी आवई उठवावी लागली. आणि शिष्य तरी कसले? पकडायला लोक आले तेव्हा शेपूट घालून पळालेले, नंतर दाराला कडी लावून बसलेले. तेच लोक पुढे भर चौकात उभे राहून "तो उठला, आम्ही पाहिला" म्हणाले, फटके खाल्ले, काहींनी जीव दिला. आपण स्वतः रचलेल्या थापेसाठी एवढे सगळे कसे मार खातील? प्रभूच्या सख्ख्या भावाचं घ्या. जिवंतपणी त्याने कधी मानलं नाही, नंतर मानलं. घरच्या माणसाला पटवणं किती जड जातं ते ज्याने त्याने आपल्या घरी जाऊन पाहावं. मग यायचा माझा लाडका मुद्दा. पहाटे कबरीवर आधी गेल्या त्या बायका. त्या काळी बाईची साक्ष कोणी फारशी धरत नसे. गोष्ट रचायचीच असती तर रचणाऱ्याने एखादा वजनदार पुरुष आधी पाठवला असता! इथे बायका खुदखुदायच्या, पुरुष चटईकडे बघायचे आणि मी मनातल्या मनात स्वतःला पैकीच्या पैकी मार्क देऊन टाकायची.

शेवटी आवाज खाली आणून मी म्हणायची, आणि तो उठला नसेल तर आपली भजनं म्हणजे एका मेलेल्या भल्या माणसाची आठवण, एवढंच. मग इथे झोपलेली आपली माणसंही इथेच राहिली. ती उठतील याला दुसरा कुठलाही आधार आपल्याकडे नाही.

"इथे" म्हणजे दफनभूमीत. ईस्टरची पहाटेची उपासना आम्ही तिथेच करतो. आदल्या दिवशी, शनिवारी, घरोघरची माणसं येऊन आपापल्या कबरी साफ करतात, त्यांना चुना लावतात. पहाटे अंधारात मेणबत्त्या घेऊन जातो तेव्हा त्या पांढऱ्या कबरी आधी दिसतात आणि माणसं नंतर. माझी आई तिथे निंबाच्या झाडाखाली आहे. तिचं डोकं कुठल्या बाजूला आहे हे मला ठाऊक आहे. एवढं ठाऊक असणं ही केवढी मोठी गोष्ट, हे मला दयारामच्या वर्षापर्यंत कधी सुचलंच नव्हतं.

दयाराम म्हणजे पार्बताचा नवरा. माझ्या प्रवचनाला मागच्या चटईवर बसून हमखास पेंगायचा आणि "आमेन"ला दचकून जागा व्हायचा. त्या वर्षी मोह उदंड आला होता. झाडाखालचा पाचोळा जाळून लोकांनी जागा काळी करून ठेवली होती आणि त्या काळ्या जमिनीवर पहाटे फुलांचा सडा पडायचा. दोघं जोडीनेच वेचायला जायची. त्या दिवशी तो पुढे निघाला, ती पाणी भरून मागून गेली. ती झाडापाशी पोचली तेव्हा टोपली अर्धी भरलेली होती, फांदीवर त्याचा गमचा लटकत होता आणि तो नव्हता. जरा पुढे पाल्यावर रक्त, पंजाचे ठसे, काही ओढत नेल्याची खूण. गावाने आणि जंगलखात्याच्या माणसांनी मिळून रान धुंडाळलं. नाल्याशी शर्टाचा एक तुकडा सापडला. त्यापुढे काहीच नाही.

वाघाने नेलं, हे सगळ्यांनी मानलं. मानलं नाही एकट्या पार्बताने. ती गळ्यातली काळी पोत काढेना. दयारामचा भाऊ आमच्या मंडळीतला नाही. तो म्हणाला, "आमच्यात देह नाई भेटला त पळसाच्या पानाचा पुतळा करून जाळतेत. जीव मोकळा होते." पाळकसाहेब बुचकळ्यात पडले, कारण देहाशिवाय दफन त्यांनी कधी केलं नव्हतं. निकाल लावला मी. शर्टाचा तुकडा आणि गमचा पेटीत ठेवून पुरू, म्हटलं. कबर असली म्हणजे तिला रडायला जागा होईल. मला ते फार समजूतदारपणाचं वाटलं होतं.

पार्बताला समजवायलाही मीच गेले. अंगणात मोह पसरलेला होता आणि ती तो हाताने खालीवर करत होती.

"पार्बता, सगळं स्पष्ट आहे गं. ठसे आहेत, रक्त आहे, शर्ट आहे."

"पन मी पाह्यलं नाई न जी बाई."

"सगळंच काय डोळ्यांनी पाहावं लागतं?"

तिने मान वर केली नाही. फुलं उलटी करत राहिली. मग म्हणाली, "करा तुमाले जे करायचं ते."

मी ओरडले असते, दटावलं असतं, तर आज इतकं लागलं नसतं. माझा आवाज मऊ होता. ढ पोराला तिसऱ्यांदा गणित समजावताना शिक्षकाचा होतो तसा मऊ. आम्ही पेटी पुरली. पार्बताने माती टाकली नाही. तिच्या वाटची मूठ मीच टाकली.

आणि मग लगेचच ईस्टर आला. माणसाने निदान त्या वर्षी तरी प्रवचन बदलावं की नाही? मला सुचलंच नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं. पण रिकाम्या कबरीचा परिच्छेद इतका चांगला जमलेला होता की काढवेना. पहाटेच्या गारव्यात मेणबत्त्या धरून मंडळी उभी होती. पार्बता समोरच होती, तिची मेणबत्ती अजून पेटवायची होती. मी हात वर करून म्हणाले, "कबर रिकामी आहे! यापेक्षा आनंदाची बातमी जगात कोणती?"

"आमेन," मंडळी म्हणाली.

"बाई," पार्बता म्हणाली. "माझ्या मानसाची कबर बी रिकामीच आहे. तुमीच बुजवली. मंग मी बी हासू का?"

तिला थांबवायला कोणी हातही पुढे केला नाही.

"तो मेला याचा पुरावा तुमीच आनला. हा उठला याचा बी तुमीच आनून राह्यल्या. पाह्यलं त दोन्ही नाई तुमी."

ती कबरींमधून वाट काढत निघून गेली. कोणीतरी घाईघाईने भजन उचललं, ते इतक्या वरच्या पट्टीत की दुसऱ्या ओळीला सगळ्यांचे आवाज फाटले.

पाळकसाहेब पुढच्या भेटीत म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका बाई, ती दुःखात आहे." मला त्यांचा रागच आला. दुःखात आहे म्हणून ती चुकीचं बोलली असं थोडंच होतं? तिच्या बोलण्यात अन्याय होता, हे मलाही कळत होतं. माझ्यासमोर दोन हजार वर्षांची साक्ष होती, तिच्यासमोर एका नाल्याकाठची चिंधी. दोन्ही एका तराजूत घालायचं काही कारण नव्हतं. घरी येऊन मी सगळी पुस्तकं पुन्हा काढली आणि तिला द्यायची उत्तरं तयार केली. उत्तरं चांगली होती, अजूनही आहेत. ती घेऊन तिच्या दाराशी जायला मात्र माझे पाय उचलले नाहीत.

पार्बता उपासनेला येईनाशी झाली. मी तिच्याकडे जायची, आम्ही आंब्याच्या मोहराबद्दल बोलायचो, तिच्या शेळीबद्दल बोलायचो. प्रभूचा विषय दोघींच्या मधे उंबरठ्यासारखा असायचा, ओलांडायचं कोणी नाही. ज्या बाईने लहानपणी माझ्याकडून वचनं पाठ केली, तिच्या लग्नात मी प्रार्थना केली, ती माझ्या तोंडामुळे बाहेर गेली. देवाच्या दारातून एका माणसाला मी पुरावे देऊन हाकललं, हे मनातून जाईना.

पण माझा खरा अपराध हाही नाही. तो अहेरीचा आहे.

आमच्याकडे बाजाराबाजाराने फिरणारे एक चुडीवाले चाचा येतात. पुढच्या मोहाच्या हंगामात ते पार्बताला म्हणाले, "बाई, कसम से नाई मनत, पन अहेरीच्या बाजारात एक मानूस पाह्यला. टोपल्या विकून राह्यला होता. पाठून त दयारामभाऊच." पार्बता त्या दुपारी माझ्या घरी आली. ती आपणहून आली म्हणून मला इतका आनंद झाला की तिचं म्हणणं मी नीट ऐकूनही घेतलं नाही. "चालता का बाई संगं?" एवढं ऐकलं आणि हो म्हटलं.

गडचिरोलीला एसटी बदलून आम्ही अहेरीला गेलो. वाटभर ती खिडकीशी बसली होती. पळस फुलून संपत आलेला, रस्त्याकडेला पाकळ्या. ती एकदाच बोलली: "डोक्याले मार लागला असन त मानूस इसरते, नाई जी?" मी हं म्हणाले. बाजार भरात होता. मिरच्या, सुकट, प्लास्टिकच्या बादल्या, तेलुगू, हिंदी, माडिया बोलणारी माणसं. टोपल्यांच्या रांगेत तो माणूस पाठमोरा बसला होता. खांदे तसेच, मान तशीच एका बाजूला कललेली. मीही थबकले. पार्बता पुढे झाली, तो वळला, आणि चेहरा भलत्याच कोणाचा होता. वयस्क, देवीचे व्रण असलेला, भला चेहरा. "काय पायजे बाई?" त्याने विचारलं. पार्बता त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमी कोन गावचे जी?" त्याने सिरोंच्याकडचं कुठलंसं नाव सांगितलं. तिने एक टोपली घेतली.

आणि तेव्हा मला हायसं वाटलं.

हे पुन्हा लिहिते. पार्बता टोपली छातीशी धरून उभी होती आणि मला हायसं वाटलं. तो दयाराम निघाला असता तर मी एका जिवंत माणसाला पुरलं, असं झालं असतं. गाव मला हसलं असतं. त्या एका क्षणात मला दयाराम मेलेलाच हवा होता. मेलेला माणूस जिवंत भेटला या बातमीवर जिचा सगळा विश्वास, तिने अशी बातमी कानावर आल्यापासून एक क्षणही ती खरी मानली नव्हती. वर ती खोटी निघाली म्हणून सुटकेचा श्वास टाकला होता. पहाटे कबरीवरून बायका धावत येऊन सांगू लागल्या तेव्हा ज्यांना ती बडबड वाटली, त्या पुरुषांची मी दरवर्षी खिल्ली उडवायची. मी त्यांच्यातलीच होते.

त्यानंतरही दर ईस्टरला मी बोलले, पण कबरीचा मुद्दा काढून टाकला. भाऊ, शिष्य, बायका, सगळं आटोपशीर. लोक म्हणाले, बाई थकल्या. शनिवारी आईच्या कबरीला चुना लावून झाला की बादलीत उरलेला चुना घेऊन मी दयारामच्या कबरीपर्यंत जायची आणि परत यायची. पेटीत एक चिंधी आणि एक गमचा, वर आपलं पांढरं काम. आपण पार्बताला पुन्हा एकदा चुना लावतोय असं वाटायचं.

आज तो शनिवार. दुपारपर्यंत बाकीचे लोक आटोपून गेले होते. ऊन मी म्हणत होतं. मी बादली घेऊन आत गेले तर दयारामच्या कबरीशी पार्बता बसलेली. पुरण्याच्या दिवसानंतर त्या कबरीजवळ मी तिला पहिल्यांदा पाहिलं. पोत गळ्यात होतीच.

"उद्या काय सांगता बाई?"

"काही सांगायचं नाही असं ठरवलंय."

"काऊन? पुरावे सरले?"

मला हसू आलं आणि डोळे भरले, दोन्ही एकदमच. मी तिच्याजवळ मातीत बसले. म्हटलं, "पुरावे आहेत गं. अजून मला खरेच वाटतात. पण अहेरीला तो माणूस दुसराच निघाला तेव्हा मला बरं वाटलं होतं. हे तुला कधी बोलले नाही."

"मले समजलं होतं," ती म्हणाली. "तुमी मोठा सास टाकला." मग म्हणाली, "मले लय राग आला होता तुमचा."

"आता?"

"आता बी आहे."

वारा आला की रानाकडून मोहाचा वास येत होता. मग मी तिला एक सांगितलं, मुद्दा म्हणून नाही. पहाटे गेलेल्या बायकांतली ती मरिया, तिने कबर रिकामी पाहिली तेव्हा तिला आनंद झाला नव्हता. ती रडत बसली होती. माझ्या प्रभूला कुठे नेऊन ठेवलं तेवढं सांगा, मी घेऊन जाते, असं जो भेटेल त्याला म्हणत होती. एवढी वर्षं मी हे वाचून भराभर पुढे जात होते.

"मंग?"

"तो तिच्या मागेच उभा होता. तिला ओळखू आला नाही. तिला वाटलं, बागेचा माळी आहे."

"मंग ओळखलं कसं?"

"त्याने तिला नावाने हाक मारली. तेवढ्यावर."

पार्बताने कबरीवरचं वाळकं गवत उपटायला घेतलं.

"आमचे त मले नावानं कधी बलावतच नवते," ती म्हणाली. "'आयकतं का व' मनत. घरी बी तसंच, बाजारात बी तसंच. नावानं हाक आली त मले वाटन, कोनी दुसराच होय. मी वळनारच नाई."

पुरावा मागितला असता तर माझ्यापाशी भरपूर होता. ही शंका कुठल्याच पुस्तकात नव्हती. आणि मला दिसत होतं की सगळं इथेच येऊन थांबलं आहे. प्रभू खरोखर उठला असेल तर पार्बताला याचं उत्तर आहे. नसेल तर माझे सगळे मुद्दे नुसती वक्तृत्वस्पर्धा होती. नाल्याकाठच्या त्या चिंधीतून शेवटच्या दिवशी एक पुरता माणूस उभा राहणार आहे, पेंगणारा, दचकणारा, हे तिच्या डोळ्यांत बघून म्हणण्याचा धीर मला आहे का, एवढाच प्रश्न होता.

"मग दयाराम तसंच म्हणेल," मी म्हणाले. "'आयकतं का व' असंच."

"पक्कं?"

"पक्कं."

असली मोठी गोष्ट मी आयुष्यात पुराव्याशिवाय कधी बोलले नव्हते. मी तिला आधार दिला की आणखी एकदा मऊ आवाजात गप्प केलं, ते मला आता, हे लिहितानाही कळत नाही.

पार्बता उठली. लुगड्याची माती झटकली. फाटकापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "बाई, पहाटे मले घ्याले या. अंधारात एकटी नाई निघत मी आता."